पत्रपेटी आणि तिचे नियम



ज्याच्या हातीं लेखणी आली त्याला आपलें लिहिणें कोणीं तरी वाचावें असें वाटतें, आणि ज्याचें लिहिणें कोणीं वाचलें त्याला वाचणाराचें मत ऐकावेंसें वाटतें. ही इच्छा स्वाभाविक आहे व चांगलीहि आहे. कित्येक मुलें-मुली स्वतःचें हस्तलिखित मासिक काढतात. कोणी भिंतीवर पाक्षिक लावतात. मग त्याच्या खालीं एक लहानशी पेटी टांगून तिजवर "आपलें मत येथें टाकावें" अशी सूचना डकविली जाते. आठ दिवसांनीं पेटी उघडावी तों आंत पंधरा-वीस चिठ्ठ्या निघतात. कांहींत स्तुति असते, कांहींत शंका असते, कांहींत थट्टा असते, आणि एखाद्या चिठ्ठींत निव्वळ विष असतें. आतां या चिठ्ठ्यांचें काय करावयाचें? सगळ्या लावाव्या कीं निवडाव्या? निवडाव्या तर कोणत्या मापानें? या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

पुष्कळांचें म्हणणें असें पडतें कीं, पेटींत आलेले शब्द चालकाचे नव्हेत, ते लिहिणाराचे आहेत. चालकानें फक्त भिंत दिली. हें म्हणणें एके काळीं आम्हींहि केलें होतें. तें कसें चुकलें हें प्रथम सांगणें प्रामाणिकपणाचें होईल.

आम्ही नववीच्या वर्गांत असतांना एक भित्तिपत्रक चालवीत होतों. त्या वर्षीं वर्गाच्या सहलीची वर्गणी एका मुलाकडे जमा होत असे. सहलीच्या आदल्या आठवड्यांत पेटींत एक निनांवी चिठ्ठी आली. "सहलीच्या पैशांतून कोणाच्या पायांत नवे बूट आले?" एवढें एकच वाक्य तींत होतें. नांव कोणाचेंच नव्हतें. पण वर्गांत नवे बूट एकाच्याच पायांत होते. वाक्य चटकदार होतें, आम्हांला हसूं आलें, आणि आम्हीं तें लावलें. मधल्या सुट्टीपर्यंत तें सर्व शाळेनें वाचलें. वर्गशिक्षकांनीं हिशेब तपासला. पै न पै बरोबर निघाली. बूट त्या मुलाच्या मामांनीं घेऊन दिले होते. पुढील अंकांत आम्हीं दिलगिरीचा मजकूर लावला. पण चिठ्ठी वाचावयास जी गर्दी जमली होती ती दिलगिरी वाचावयास जमली नाहीं. तो मुलगा सहलीस आला नाहीं. पुढें शाळा सोडीपर्यंत कोणत्याहि सार्वजनिक कामाचे पैसे त्यानें हातीं घेतले नाहींत. "शब्द आमचे नव्हते" असें त्याला सांगण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं, कारण तें खरें नव्हतें. लिहिणारानें एका कागदाच्या कपट्यावर लिहिलें. शाळेपुढें मांडलें तें आम्हीं.

हा प्रश्न नवा नाहीं. वाचकांनीं पत्रें लिहावींत व पत्रकर्त्यानें तीं छापावींत ही चाल जितकी जुनी, तितकाच हा प्रश्नहि जुना आहे. इटलींतील व्हेनिसच्या जुन्या प्रजासत्ताकांत सरकारी इमारतींच्या भिंतींत दगडी सिंहमुखें बसविलेलीं असत. नागरिकांनीं दुसऱ्यांविरुद्धच्या तक्रारी लिहून त्या उघड्या जबड्यांत टाकावयाच्या. पुढें १७१३ सालीं लंडन शहरीं रिचर्ड स्टील यानें 'गार्डियन' नांवाचें पत्र काढलें. त्याचा सहकारी जोसेफ अ‍ॅडिसन यानें व्हेनिसच्या त्या नमुन्यावरून एक सिंहमुख तयार करविलें, तें बटन नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत बसविलें, आणि वाचकांनीं आपलीं पत्रें त्यांत टाकावींत असें जाहीर केलें. पहा, मुख तेंच. पण व्हेनिसच्या सिंहाच्या पोटांत माणसांवरील आरोप पडत, आणि लंडनच्या सिंहाच्या पोटांत मनोरंजन व उपदेश यांस उपयोगी पडणारीं पत्रें पडत. पेटी दोन्ही कामांस येते. तिच्याकडून कोणतें काम करून घ्यावयाचें हें ती टांगणारानें ठरवावयाचें असतें, आणि तें पहिली चिठ्ठी पडण्यापूर्वींच ठरवावयाचें असतें.

पत्र हातीं आलें म्हणजे चालकानें आपल्या मनाला तीन प्रश्न विचारावे. लिहिणारा कोण आहे? यांत मत आहे कीं कोणा माणसाची निंदा आहे? आणि यांत सांगितलेली गोष्ट खरी आहे काय? या तिन्ही प्रश्नांवर इतिहासांत चांगले धडे मिळतात, ते क्रमानें पाहूं.

पहिला प्रश्न लिहिणाराचा. बेंजामिन फ्रँकलिन याचें नांव आपण विजेच्या शोधांच्या पाठांत वाचतों. तो मुलगा असतांना अमेरिकेंतील बोस्टन शहरीं आपला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यांत उमेदवारी करीत होता. जेम्स तेथें 'न्यू इंग्लंड कूरंट' हें पत्र छापीत असे. आपण लिहिलेलें भाऊ छापणार नाहीं हें जाणून १७२२ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, बेंजामिननें सायलेन्स डूगुड नांवाची एक विधवा कल्पिली, तिच्या नांवानें एक पत्र लिहिलें, आणि रात्रीं तें छापखान्याच्या दाराखालून आंत सरकविलें. सकाळीं तेथें जमणाऱ्या लेखक मंडळींनीं तें वाचलें, वाखाणलें, आणि अशीं एकंदर चौदा पत्रें छापून निघालीं. लिहिणारा कोण हें ठाऊक असतें तर तीं पत्रें कदाचित् उघडून पाहिलींहि गेलीं नसतीं.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण याहूनहि मोलाचें आहे. मुंबईस भाऊ महाजन यांनीं १८४१ सालीं 'प्रभाकर' हें साप्ताहिक सुरू केलें. त्यांत १८४८ पासून 'लोकहितवादी' या सहीनें पत्रें प्रसिद्ध होऊं लागलीं. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरींत होते. जातिभेद, स्त्रियांची हीन स्थिति, विद्येविषयींची अनास्था, पोकळ कर्मठपणा यांवर त्यांनीं कडक टीका केली, आणि ती मुख्यत्वें आपल्याच ब्राह्मण समाजावर केली. १८५० पर्यंत अशीं एकशें आठ पत्रें निघालीं. 'शतपत्रें' या नांवानें मराठी वाङ्मयांत तीं अजून वाचलीं जातात.

यावरून टोपणनांव हें सर्वस्वीं वाईट असें म्हणतां येत नाहीं. लहान वयाचा, गरीब घरचा किंवा दुसऱ्याच्या ताब्यांतील मनुष्य चार लोकांच्या हिताची गोष्ट बोलूं पाहतो तेव्हां तो पडदा त्याला आधार देतो. परंतु तोच पडदा घेऊन एखादा भित्रा मनुष्य दुसऱ्यावर दगडहि टाकूं शकतो. डूगुडबाई आणि लोकहितवादी यांनीं रूढींवर लिहिलें. आमच्या पेटींतील चिठ्ठीनें एका मुलाच्या बुटांवर लिहिलें. भेद आहे तो येथें आहे.

दुसरा प्रश्न मत आणि निंदा यांचा. तोच फ्रँकलिन मोठा झाल्यावर फिलाडेल्फिया शहरीं १७२९ पासून 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट' हें पत्र चालवूं लागला. त्यानें छापलेल्या एका जाहिरातीवरून कांहीं लोक रागावले, तेव्हां १७३१ सालीं त्यानें छापणारांच्या वतीनें एक मोठें उत्तर लिहिलें. माणसांचीं मतें त्यांच्या चेहऱ्यांप्रमाणें निरनिराळीं असावयाचींच. म्हणून मतभेद असेल तेथें दोन्ही पक्षांचें म्हणणें लोकांच्या कानीं पडलें पाहिजे, असें त्याचें प्रतिपादन होतें. पण त्याच उत्तरांत त्यानें असेंहि सांगितलें आहे कीं, ज्यानें कोणाचें खरोखर नुकसान होईल असा मजकूर आपण कितीहि पैसे मिळाले तरी छापलेला नाहीं.

आपल्या आत्मचरित्रांत तो याच संबंधानें एक गोष्ट सांगतो. कोणी मनुष्य दुसऱ्याची नालस्ती करणारें लिखाण घेऊन येई आणि म्हणे कीं, वर्तमानपत्र हें भाड्याच्या गाडीसारखें आहे. जो भाडें देईल त्याला बसावयास जागा मिळालीच पाहिजे. फ्रँकलिन त्याला उत्तर देई: तुम्हांला हव्या तितक्या प्रती मी वेगळ्या छापून देतों, त्या तुम्ही स्वतः वांटा, परंतु ही निंदा पसरविण्याचें काम मी आपल्या अंगावर घेणार नाहीं. माझ्या वर्गणीदारांना उपयुक्त किंवा मनोरंजक मजकूर देण्याचा मीं करार केला आहे. ज्यांत त्यांचा संबंध नाहीं असलें खासगी भांडण त्यांच्या पदरांत घालणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. ही निवड मुलांनीं नीट ध्यानांत ठेवावी. फ्रँकलिननें कोणाचें तोंड बंद केलें नाहीं. त्यानें फक्त आपला आवाज त्याला उसना दिला नाहीं.

तिसरा प्रश्न खऱ्याखोट्याचा, आणि त्याचा धडा सर्वांत कठीण आहे. कारण तो आपल्या देशांतील दोन थोर पुरुषांना भोगावा लागला. १८८१ सालच्या जानेवारींत पुण्यास 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि 'मराठा'चे संपादक बाळ गंगाधर टिळक होते. दोघेहि तेव्हां पंचविशीच्या आसपासचे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना फार वाईट रीतीनें वागविलें जात आहे अशी वार्ता त्या वेळीं सर्वत्र पसरली होती. कारभारी माधवराव बर्वे यांचा त्यांत हात असल्याचें दाखविणारीं कांहीं पत्रें या मंडळींपर्यंत आलीं. छत्रपतींविषयींच्या कळकळीनें दोन्ही पत्रांनीं बर्वे यांच्यावर टीकेचा भडिमार केला. बर्वे यांनीं फिर्याद लाविली, आणि कोर्टांत तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली, तरीहि १८८२ सालच्या जुलै महिन्यांत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. कांहीं सूट मिळून ते २६ ऑक्टोबर १८८२ रोजीं सुटले. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं एकशें एक दिवस काढले, आणि त्यांवर आगरकरांनीं पुढें एक पुस्तकच लिहिलें.

लोकांनीं या दोघांचा मोठा सत्कार केला, आणि तो योग्यच होता. कारण त्यांचा हेतु शुद्ध होता व त्यांनीं शिक्षा धैर्यानें सोसली. परंतु विद्यार्थ्यांनीं या प्रकरणांतून दुसरीहि एक गोष्ट शिकावी. हेतु शुद्ध असला म्हणून हातांतला कागद खरा होत नाहीं. जें आपल्याला खरें असावेंसें वाटतें तें तपासून पाहण्याची आपल्याला सर्वांत कमी इच्छा असते, आणि म्हणूनच तें सर्वांत आधीं तपासावें.

कायदाहि याच बाजूस आहे. १८६० च्या भारतीय दंडविधानांत अब्रूनुकसानीचा गुन्हा कलम ४९९ मध्यें सांगितला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो कलम ३५६ मध्यें आहे. बदनामीचा मजकूर रचणाराइतकाच तो प्रसिद्ध करणाराहि जबाबदार धरला जातो. उलट, जी गोष्ट खरी आहे आणि जी प्रसिद्ध करणें लोकहिताचें आहे, तिला कायदा संरक्षण देतो. म्हणजे "मीं लिहिलें नाहीं" हें उत्तर नीतीच्या दरबारांतहि चालत नाहीं आणि न्यायाच्या दरबारांतहि चालत नाहीं.

आतां या सर्व विवेचनावरून आपल्या लहानशा पत्रासाठीं कोणते नियम निघतात तें सांगतों. नियम थोडे असावे, सोपे असावे, आणि प्रत्येकाचें कारण चालकाला सांगतां यावें.

१. नियम आधीं लिहावे व पेटीवरच लावावे. पत्र आल्यावर जो नियम केला जातो तो त्या पत्रासाठींच केला असें लिहिणाराला वाटतें, आणि बहुधा तें खरेंहि असतें. सामना सुरू होण्यापूर्वीं मैदानावर रेघा मारतात. गडी बाद करण्यासाठीं मागून कोणी रेघ सरकवीत नाहीं.

२. पत्राखालीं खरें नांव व वर्ग लिहिलेला असावा. लिहिणाराची इच्छा असल्यास चालकानें तें नांव गुप्त ठेवून टोपणनांव छापावें, आणि एकदां दिलेला हा शब्द मित्राच्या आग्रहानेंहि मोडूं नये. निनांवी पत्र छापूं नये. मात्र तें वाचल्याशिवाय फाडूंहि नये. याचें कारण पुढें येईल.

३. पत्र लेखाविषयीं असावें, लेखकाविषयीं नसावें. लेख चुकीचा आहे, कंटाळवाणा आहे, उसना घेतलेला दिसतो, असें खुशाल लिहावें. आधार दिला म्हणजे झालें. परंतु कोणाची जात, धर्म, रूप, शरीरव्यंग, गरिबी, बोलण्याची ढब किंवा घरचीं माणसें यांस हात लावणारें वाक्य भिंतीवर जातां कामा नये, मग तें कितीहि विनोदी असो. हसूं आलें ही छापण्याची शिफारस नव्हे, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

४. ज्या पत्रांत कोणावर आरोप आहे तें पुरावा पाहिल्याशिवाय छापूं नये. पुरावा असला तरी ज्याच्यावर आरोप आहे त्याला तें पत्र आधीं दाखवावें, आणि त्याचें उत्तर त्याच अंकांत शेजारींच लावावें. अमुक मुलगा म्हणून नांव न घेतां सूचनेनें बोट दाखविणें हाहि आरोपच होय.

५. पत्राची लांबी व वादाची मुदत ठरवावी. दीडशें शब्द पुष्कळ झाले. एका विषयावर एका माणसाचीं दोन पत्रें छापावींत. त्यानंतर वाद बंद केल्याचें जाहीर करावें. आपल्या पत्रांत कोणते विषय घ्यावे हें ठरविण्याचा चालकाला पूर्ण अधिकार आहे. आगरकरांचें आपल्या सहकाऱ्यांशीं सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर पटेनासें झालें, तेव्हां १८८७ सालीं ते 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ सालीं त्यांनीं 'सुधारक' काढला. ज्याला तुमच्या भिंतीवर जागा नाहीं त्याला दुसरी भिंत मोकळी आहे. फक्त "तुमचा विषय आमच्या पत्राचा नाहीं" हें त्याला सरळ सांगावें. तुमचें पत्र हरवलें, अशी थाप मारूं नये.

६. कात्री जपून चालवावी. शुद्धलेखन सुधारण्यास व लांबी कमी करण्यास हरकत नाहीं. परंतु अर्थ बदलूं नये, आणि आपलें वाक्य लिहिणाराच्या तोंडीं घालूं नये. कांपलेलें पत्र छापण्यापूर्वीं त्याला दाखवावें. न छापलेलें पत्र कोणत्या नियमानें नाकारलें तें एका ओळींत लिहून परत करावें. निवड नेहमीं दोघांनीं मिळून करावी, आणि ज्या पत्रानें राग आला त्याचा निर्णय दुसऱ्या दिवशीं सकाळीं करावा.

७. चालकाविरुद्ध आलेलें पत्र सर्वांत आधीं छापावें. त्याखालीं टोमण्याची टीप जोडूं नये. उत्तर देणें असेल तर तें पुढील अंकांत, इतरांइतक्याच शब्दांत द्यावें. कात्री, गोंद आणि भिंत हीं तिन्ही ज्याच्या हातीं आहेत त्यानें शेवटचा शब्दहि आपल्यासाठीं राखून ठेवणें बरें दिसत नाहीं.

८. चूक झाल्यास ती ज्या जागीं झाली त्याच जागीं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्त करावी. कोपऱ्यांतील बारीक अक्षरांतली दिलगिरी ही दिलगिरीची पळवाट होय.

नियम पाठ होणें निराळें आणि लागू करतां येणें निराळें. म्हणून चार पत्रें कल्पूं. तुमच्या पाक्षिकांत एका मुलानें पावसावर कविता लिहिली आहे असें समजा, आणि पेटींतून पुढील चिठ्ठ्या निघाल्या.

पहिली चिठ्ठी: "कविता मला आवडली नाहीं. पहिल्या कडव्यांत पाऊस आषाढांतला आहे आणि तिसऱ्यांत थंडीनें दंव पडतें. कवीनें पाऊस नीट पाहिलेला दिसत नाहीं." खालीं सही आहे. हें पत्र अवश्य छापावें. तें बोचेल, पण त्यांत दोष दाखविला आहे आणि दोषाचें ठिकाणहि दाखविलें आहे. अशा पत्रानें कवि सुधारतो.

दुसरी चिठ्ठी: "ज्याला अजून गांवची बोली सुटत नाहीं त्यानें कविता करूं नये." हीहि सही केलेली आहे, तरी छापूं नये. कवितेविषयीं तींत एक अक्षर नाहीं. आहे तो एका मुलाच्या घरच्या भाषेचा उपहास. पत्र परत करतांना चालकानें तिसऱ्या नियमाचा अंक लिहावा, आणि "कवितेंतील कोणता शब्द तुम्हांला खटकला तें कळवावें" अशी पुस्ती जोडावी. कधीं कधीं तोच लिहिणारा दुसऱ्या खेपेस विचार करून लिहितो.

तिसरी चिठ्ठी: "वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी ग्रंथालयांतील पुस्तकें महिना महिना परत करीत नाहींत, आम्हांला तीं मिळत नाहींत." विषय कवितेचा नाहीं, पण तो सर्वांच्या हिताचा आहे. चालकानें ग्रंथपालांकडे जाऊन नोंदवही पहावी. गोष्ट खरी असेल तर कोणा विद्यार्थ्याचा उल्लेख न करतां पत्र छापावें व शेजारीं ग्रंथपालांचें म्हणणें द्यावें. येथें मुद्दा व्यवस्थेचा आहे, कोणा एकाला लाजविण्याचा नाहीं.

चौथी चिठ्ठी निनांवी आहे. अक्षर घाईचें आहे. "मला शाळेंत यावेंसें वाटत नाहीं. रोज मागच्या बांकावरचे मला त्रास देतात. कोणाला सांगूं?" ही चिठ्ठी छापावयाची नाहीं, फाडावयाची नाहीं, आणि मित्रांत वाचून दाखवावयाची तर नाहींच नाहीं. ती त्याच दिवशीं विश्वासाच्या शिक्षकांच्या हातीं द्यावी. निनांवी पत्र वाचल्याशिवाय फाडूं नये असें दुसऱ्या नियमांत म्हटलें तें याचसाठीं. पेटींत पडणारा प्रत्येक कागद वाचकांसाठीं नसतो. एखादा कागद मदतीची हांक असतो, आणि ती ऐकणारें त्या शाळेंत दुसरें कोणी नसेलहि.

येथें एका उलट्या धोक्याची सूचना दिली पाहिजे. निंदेच्या भयानें कांहीं चालक चाळणी इतकी बारीक करतात कीं, तींतून फक्त स्तुति खालीं पडते. "अंक छान आहे" अशीं दहा पत्रें लावून ते समाधान मानतात. असल्या भिंतीसमोर हळूहळू कोणी थांबेनासें होतें, आणि पेटी रिकामी राहूं लागते. कारण आपलें खरें मत येथें कोणाला नको आहे हें वाचकाला लवकर कळतें. चाळणीचें काम खडे काढण्याचें आहे, दाणे टाकण्याचें नाहीं. पत्र तुम्हांला कडू लागलें हें तें नाकारण्याचें कारण होऊं शकत नाहीं. त्यानें एखाद्या माणसाला अन्यायानें इजा होत असेल तर होऊं शकतें. या दोहोंतील फरक ज्याला ओळखतां येऊं लागला त्याला पत्र चालविण्याची अर्धी विद्या आली असें आम्ही समजतों.

पालकांस दोन शब्द. आपल्या मुलाच्या लेखावर कोणीं टीका केली तर ती काढून टाकण्यासाठीं शाळेंत येऊं नये. टीका खरी कीं खोटी हें मुलाबरोबर बसून पहावें. आणि मुलाचें एखादें पत्र चालकानें परत केलें, तर "तुझें कां छापलें नाहीं" असें विचारून त्याला चिडविण्यापेक्षां तें पत्र एकदां मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगावें. जें वाक्य आपल्या वडिलांसमोर किंवा आईसमोर वाचतांना जीभ अडखळते, तें चार भिंतींबाहेर जाण्यास योग्य नव्हतें हें मुलाला आपोआप उमजतें. जी भाषा मुलें घरीं शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयीं ऐकतात तीच पेटींत येऊन पडते, हेंहि नम्रपणें सुचवितों.

आपल्या शाळेच्या प्रार्थनेंत आपण डोंगरावरील प्रवचन ऐकतों. लोकांनीं आपल्याशीं जसें वागावें असें आपल्याला वाटतें तसें आपण त्यांच्याशीं वागावें, हा त्यांतील उपदेश पेटीजवळ बसलेल्या चालकाला फार उपयोगी आहे. हातांतल्या चिठ्ठींत दुसऱ्याच्या नांवाच्या जागीं आपलें नांव घालून ती वाचावी. टीका असेल तर वाईट वाटेल, पण उत्तर देतां येईल. निंदा असेल तर उत्तर देण्यास जागाच सांपडणार नाहीं. आम्हीं नववींत असतांना एवढें केलें असतें, त्या बुटांच्या वाक्यांत आपले पाय घालून पाहिले असते, तर एका प्रामाणिक मुलाचा चांगल्या कामावरील विश्वास उडाला नसता.

तो मुलगा पुढें आम्हांला भेटला. त्यानें तो विषय काढला नाहीं. आम्हींच काढला व क्षमा मागितली. त्यानें ती दिली. परंतु ती मागण्यास आम्हांला बरींच वर्षें लागलीं, आणि चिठ्ठी लावण्यास एक खिळा पुरला होता. येत्या वर्षीं जे विद्यार्थी आपलें नवें हस्तलिखित किंवा भित्तिपत्रक सुरू करतील त्यांना आमचा आशीर्वाद आहे. त्यांनीं पेटी अवश्य टांगावी, तिला कुलूप घालावें, किल्ली दोघांजवळ ठेवावी, आणि पहिल्या अंकाच्या शिरोभागीं आपले नियम सुवाच्य अक्षरांत लिहून मगच पहिली चिठ्ठी उघडावी.